व्यवसाय विकासाची पदवी घेतल्यानंतर: कामाची निवड, पुरावा आणि नियुक्तिपत्र

व्यवसाय विकास, म्हणजे रोजच्या बोलण्यातले बिझनेस डेव्हलपमेंट, या विषयात पदवी घेतलेल्यांची अडचण वैद्यक किंवा लेखापरीक्षण शिकलेल्यांपेक्षा वेगळी असते. त्यांच्यापुढे ठरलेली अशी एक वाट नसते आणि एकाच पदनामाखाली चालणारी कामे एकमेकांपासून फार लांबची असतात. ‘बिझनेस डेव्हलपमेंट मॅनेजर’ म्हणवणाऱ्या दोघांपैकी एक जण दिवसभर अनोळखी लोकांना फोन करत असतो, तर दुसरा एखाद्या औषधाच्या हक्कांसाठी वर्षभर एकाच कंपनीशी वाटाघाटी करत असतो. म्हणून कोणती नोकरी मिळेल हे शोधण्याआधी, माझे काम कशावरून मोजले जाणार आहे, हा प्रश्न स्वतःला आणि समोरच्या कंपनीला विचारावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रश्नावर उभ्या आहेत.

पहिली पायरी: जाहिरात मोजमापावरून वाचणे

निरनिराळ्या क्षेत्रांतील पंधरा-वीस नोकऱ्यांच्या जाहिराती जमवाव्यात आणि पदनाम झाकून फक्त कामाचे वर्णन वाचावे. रोजचे कॉल, भेटी ठरवणे, लीडची, म्हणजे संभाव्य ग्राहकांची, छाननी असे शब्द असतील, तर ते विक्रीच्या पहिल्या टप्प्याचे काम आहे. तिमाही उद्दिष्ट आणि नवे ग्राहक यांवर भर असेल, तर करार पूर्ण करण्याची जबाबदारी आहे. नूतनीकरण आणि सध्याच्या ग्राहकांकडून वाढणारे उत्पन्न यांचा उल्लेख असेल, तर ते ग्राहक सांभाळण्याचे काम होय. वितरक आणि भागीदार, निविदा आणि प्रस्ताव, मूल्यांकन आणि आर्थिक मॉडेल या तीन जोड्या तीन निरनिराळ्या वाटांकडे नेतात. दुसरी खूण म्हणजे हे पद कोणाच्या हाताखाली आहे. विक्रीप्रमुखाच्या हाताखालचे पद विक्रीचेच असते, मग त्याचे नाव कितीही भारदस्त असो; वित्तप्रमुखाच्या किंवा मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाताखालचे पद बहुधा करारांचे किंवा धोरणाचे असते. ‘नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा’ ही म्हण या क्षेत्रातल्या पदनामांना जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसरीकडे पडत असेल.

ज्या जाहिरातीत निश्चित वेतनाचा उल्लेखच नाही आणि वर प्रशिक्षणासाठी किंवा अनामत म्हणून उमेदवाराकडूनच पैसे मागितले आहेत, ती वगळावी. तिच्यावर आणखी विचार करण्यात वेळ घालवू नये.

दुसरी पायरी: मुख्य वाटा समजून घेणे

बहुतेकांचा प्रवेश विक्रीच्या पहिल्या टप्प्यातून होतो. या कामात संभाव्य ग्राहक शोधायचे, त्यांच्याशी पहिला संपर्क साधायचा, त्यांची गरज खरी आहे का हे तपासायचे आणि मग पुढच्या सहकाऱ्याशी त्यांची भेट घडवून आणायची असते. तपासणीची सर्वांत जुनी चौकट आयबीएम कंपनीशी जोडली जाते: ग्राहकाकडे तरतूद आहे का, समोरच्या माणसाला निर्णयाचा अधिकार आहे का, गरज आहे का आणि खरेदी केव्हा व्हायची आहे. हे चार प्रश्न साधे दिसतात. परंतु नवखा माणूस दुसऱ्या प्रश्नावर अडखळतो. जो आपुलकीने बोलतो त्यालाच तो निर्णय घेणारा समजतो, आणि तीन महिने पाठपुरावा केल्यावर त्याला कळते की सही करणाऱ्याच्या कानावर ही गोष्ट गेलेलीच नाही.

या कामाचे गणित आधीच करून पाहिले, तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो. समजा, वर्षाला 12 करार अपेक्षित आहेत. चार प्रस्तावांमागे एक करार होत असेल, तर 48 प्रस्ताव लागतील. तीन भेटींमागे एक प्रस्ताव मागवला जात असेल, तर 144 भेटी, म्हणजे महिन्याला 12 भेटी हव्यात. एका भेटीसाठी वीस जणांशी संपर्क साधावा लागत असेल, तर वर्षाला 2,880 आणि महिन्याला 240 नवे संपर्क होतात. आता चारऐवजी तीन प्रस्तावांमागे एक करार होऊ लागला, तर तेवढ्याच करारांसाठी 2,160 संपर्क पुरतात. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत आणि प्रत्येक व्यवसायात ते बदलतील. परंतु ही साखळी बदलत नाही. प्रस्तावाचा दर्जा थोडा सुधारला, तरी वरच्या टोकाची शेकडो फोनची मेहनत कशी वाचते, हे त्यातून दिसते. मुलाखतीत हा हिशेब कागदावर मांडून दाखवणारा उमेदवार ‘मला लोकांशी बोलायला आवडते’ असे सांगणाऱ्यापेक्षा नक्कीच उजवा ठरतो.

येथून पुढे स्वतः करार पूर्ण करणारा विक्री अधिकारी आणि मोठ्या ग्राहकांचा व्यवस्थापक असे दोन फाटे फुटतात. पहिल्याला नकार पचवावे लागतात. दुसऱ्याला ग्राहकाच्या तक्रारी आणि स्वतःच्या कंपनीतल्या विभागांची ढिलाई या दोन्हींच्या मध्ये उभे राहावे लागते. दुसरे काम कमी झगमगीत आहे, पण दीर्घकाळ टिकणारे संबंध ज्यांना जमतात, त्यांच्यासाठी ते अधिक चांगले.

भागीदारी विकसित करण्याची वाट याहून वेगळी आहे. येथे आपल्याजवळ जे नाही ते दुसऱ्याकडून मिळवायचे आणि त्याला काय द्यायचे हे ठरवायचे असते. 1994 साली स्टारबक्स आणि पेप्सिको यांनी संयुक्त उपक्रम उभारला. स्टारबक्सकडे कॉफी आणि नाव होते, तर पेप्सिकोकडे तयार पेये दुकानोदुकानी पोहोचवणारे वितरणाचे जाळे होते. असा करार घडवणाऱ्याला नफ्याची वाटणी, बोधचिन्हाचा वापर, दर्जाची जबाबदारी आणि फारकतीच्या अटी या सगळ्यांवर आधीच बोलावे लागते. करार झाल्यावर खरे काम सुरू होते, कारण भागीदाराच्या विक्रेत्यांपुढे आपल्या उत्पादनाखेरीज इतर अनेक उत्पादने असतात आणि ते आपलेच आधी का विकतील, याचे उत्तर दर महिन्याला नव्याने द्यावे लागते.

औषधनिर्माण, जैवतंत्रज्ञान आणि बौद्धिक संपदेवर चालणाऱ्या अन्य उद्योगांत व्यवसाय विकास म्हणजे प्रामुख्याने परवाना करार. दुसऱ्याने शोधलेले तंत्र आपल्याकडे घ्यायचे किंवा आपले दुसऱ्याला द्यायचे. त्या बदल्यात सुरुवातीची रक्कम, ठरावीक टप्पे गाठल्यावर मिळणारी रक्कम आणि पुढे विक्रीवरील स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ठरवायचे. बायोएनटेक आणि फायझर यांचे उदाहरण येथे अभ्यासण्यासारखे आहे. या दोन कंपन्यांनी 2018 मध्ये एमआरएनए तंत्रावर आधारित फ्लूच्या लशीसाठी सहकार्याचा करार केला होता. मार्च 2020 मध्ये कोविडच्या लशीसाठी हात मिळवताना त्यांनी आधी इरादापत्र जाहीर केले आणि साहित्य हस्तांतर व सहकार्याचा प्राथमिक करार करून काम ताबडतोब सुरू केले. आर्थिक तपशील नंतर ठरवायचे असे ठेवले. चीनसाठी बायोएनटेकने त्याच सुमारास फोसुन फार्माशी निराळा करार केला. एकाच तंत्राचे हक्क प्रदेशानुसार वाटता येतात आणि घाई असली तर करार थरांथरांनी बांधता येतो, हे दोन धडे त्यात आहेत. अर्थात त्यांना 2018 पासूनचा परिचय उपयोगी पडला हे विसरू नये. अनोळखी कंपन्यांमध्ये एवढा विश्वास आठवडाभरात उभा राहत नाही. ज्यांनी पदवीआधी विज्ञान किंवा अभियांत्रिकी शिकली आहे, त्यांनी ही वाट गांभीर्याने पाहावी. पुरेसा अनुभव आल्यावर सर्टिफाइड लायसेन्सिंग प्रोफेशनल हे प्रमाणपत्र घेता येते.

निविदा आणि प्रस्तावांचे काम मात्र पदवीधरांच्या नजरेतून सुटते, आणि ते का सुटावे हे मला कळत नाही. सरकारे, सार्वजनिक संस्था आणि मोठ्या कंपन्या बरीच खरेदी निविदेद्वारे करतात. दोन पाकिटांच्या पद्धतीत तांत्रिक आणि आर्थिक प्रस्ताव वेगवेगळे दिले जातात. तांत्रिक प्रस्ताव अपात्र ठरला, तर आर्थिक पाकीट उघडलेही जात नाही. म्हणजे सर्वांत कमी दर देऊनही एका राहिलेल्या सहीमुळे किंवा मुदत संपलेल्या प्रमाणपत्रामुळे काम हातचे जाऊ शकते. म्हणून या कामात अनुपालन तक्ता करतात. निविदेतील प्रत्येक अट एका ओळीत लिहायची, तिच्यापुढे आपले उत्तर कोणत्या पानावर आहे ते, जबाबदार व्यक्ती, लागणारा दाखला आणि शेवटची तारीख लिहायची. त्याही आधी, निविदा भरायचीच का, हा निर्णय घ्यावा लागतो. जिंकण्याची शक्यता नसलेल्या निविदेवर पंधरवडा घालवणे ही या क्षेत्रातली सर्वांत महागडी सवय आहे. लेखन चांगले, तारखा पाळण्याची शिस्त कडक आणि फोनवर विकण्याची आवड बेताची, असा ज्यांचा स्वभाव आहे त्यांना हे काम उत्तम जमते. असोसिएशन ऑफ प्रपोजल मॅनेजमेंट प्रोफेशनल्स ही 1989 साली स्थापन झालेली संस्था त्यासाठी फाउंडेशनपासूनची प्रमाणपत्रे देते.

कंपन्यांची खरेदी, विलीनीकरण आणि गुंतवणूक हाताळणारा कॉर्पोरेट डेव्हलपमेंट विभाग अनेकांना खुणावतो. 2006 मध्ये गूगलने यूट्यूब 165 कोटी डॉलरना घेतले आणि ती किंमत शेअर्सच्या रूपात दिली. कोणाला घ्यायचे, किती मोल द्यायचे आणि ते कशात द्यायचे, हे या विभागाचे तीन प्रश्न असतात. मात्र येथे थेट प्रवेश अवघड आहे, कारण कंपन्या गुंतवणूक बँका, लेखापरीक्षण संस्था आणि सल्लागार संस्था यांतून आलेल्यांना पसंती देतात. ताळेबंद आणि रोख प्रवाह वाचता येत नसेल, तर हे दार बंद आहे असेच समजावे.

उरलेल्या वाटा थोडक्यात सांगता येतील. बाजार संशोधन आणि उत्पादन व्यवस्थापन आकड्यांत रमणाऱ्यांसाठी आहे. फ्रँचायझी विस्तारात जागा, कायदा आणि माणसांची पारख लागते. निर्यात विकासात सर्वांत आधी इन्कोटर्म्स शिकावेत. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने 1936 साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या या नियमांच्या 2020 च्या आवृत्तीत 11 अटी आहेत, आणि माल कोणत्या ठिकाणी कोणाच्या जोखमीवर असतो हे त्या ठरवतात. स्वयंसेवी संस्थांमधील निधी संकलन हेही मुळात व्यवसाय विकासच आहे. स्वतःचा व्यवसाय हा पर्यायही खुला आहे. परंतु दुसऱ्याच्या खर्चाने दोन-तीन वर्षे विकायला शिकून मग तो सुरू करावा, असे मला वाटते.

तिसरी पायरी: क्षेत्र निवडणे

वाट ठरल्यावर क्षेत्र निवडताना विक्रीचक्राची, म्हणजे पहिल्या संपर्कापासून करार होईपर्यंतच्या काळाची, लांबी ही कसोटी लावावी. लहान व्यवसायांना संगणकप्रणाली विकताना निर्णय काही आठवड्यांत होतो. मोठ्या संस्थांना यंत्रणा विकताना सहा महिने ते दीड वर्ष सहज जाते. पायाभूत सुविधांत किंवा औषधांच्या परवान्यांत त्याहूनही अधिक काळ घोंगडे भिजत पडू शकते. ज्याला दर आठवड्याला काहीतरी हाती लागलेले दिसावे लागते, तो लांब चक्राच्या क्षेत्रात खचतो. ज्याला खोलात जायला आवडते, तो छोट्या चक्राच्या क्षेत्रात एकाच प्रकारच्या संभाषणांना कंटाळतो. शिवाय लांब चक्रात पहिल्या वर्षी दाखवण्यासारखा करार हाती नसतो, त्यामुळे वर्षभरातच नोकरी बदलली तर सांगण्यासारखे फारसे काही उरत नाही.

चौथी पायरी: अनुभवाआधीचा पुरावा तयार करणे

अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या फेऱ्यातून बाहेर पडण्याचा एक खात्रीचा उपाय आहे: काम मिळण्याआधी त्या कामाचा नमुना तयार करणे. आवडीच्या क्षेत्रातील एक कंपनी निवडावी. इगोर अॅन्सॉफ यांनी 1957 मध्ये मांडलेली चार घरांची चौकट घ्यावी, म्हणजे सध्याची व नवी उत्पादने एका बाजूला आणि सध्याच्या व नव्या बाजारपेठा दुसऱ्या बाजूला, आणि ही कंपनी कोणत्या घरात वाढू शकेल ते दोन पानांत लिहावे. मग त्या घरात बसणाऱ्या वीस संभाव्य ग्राहकांची यादी करावी. प्रत्येकापुढे निर्णय घेणाऱ्याचे पद, गरजेची उघड दिसणारी खूण आणि अपेक्षित आक्षेप लिहावा. शेवटी त्यांपैकी एकाला पाठवायचे पहिले पत्र लिहावे.

या पत्रातच बहुतेकांचे पितळ उघडे पडते. ‘आमची कंपनी या क्षेत्रात अग्रेसर असून आपल्याशी सहकार्य करण्यास उत्सुक आहे’ हे वाक्य कोणालाही पाठवता येते, म्हणून कोणीही ते वाचत नाही. त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘आपण यंदा तिसरे गोदाम सुरू केल्याचे आपल्या वार्षिक अहवालात वाचले. गोदामे वाढल्यावर सर्व ठिकाणच्या साठ्याचा मेळ बसवणे पहिले काही महिने जड जाते. आपल्याकडे तशी अडचण असेल, तर पुढील आठवड्यात पंधरा मिनिटे बोलता येईल का?’ दुसऱ्या पत्रात स्वतःचे कौतुक नाही, वाचणाऱ्याच्या घरातली एक खरी गोष्ट आहे, आणि मागणी एवढी छोटी आहे की नकार देण्यापेक्षा होकार देणे सोपे वाटते.

त्याबरोबर ग्राहक नोंदींची एखादी सीआरएम प्रणाली वापरता आली पाहिजे. सेल्सफोर्सचे ट्रेलहेड आणि हबस्पॉट अकॅडमी येथे विनामूल्य अभ्यासक्रम उपलब्ध आहेत. प्रमाणपत्रांचा ढीग जमवण्याची मात्र गरज नाही. एक प्रणाली नीट येणे पुरेसे आहे. स्प्रेडशीटवर हात बसलेला असावा, आणि गोपनीयतेचा करार, सामंजस्य करार आणि बंधनकारक करार यांतला फरक सांगता यावा.

पाचवी पायरी: अर्ज आणि मुलाखत

वर तयार केलेली टिपणे अर्जासोबत जोडावीत, पण ती त्या कंपनीसाठी नव्याने लिहिलेली असावीत. मुलाखतीत ‘हे पेन मला विकून दाखवा’ या छापाचा प्रश्न आला, तर पेनचे गुण सांगत सुटू नये. आपण रोज काय लिहिता, सध्या काय वापरता, त्यात काय खटकते, असे विचारत जावे. परीक्षकाला उमेदवार ऐकतो का, हे पाहायचे असते. शेवटी प्रश्न विचारण्याची संधी मिळते तेव्हा तीन गोष्टी विचाराव्यात: याच पदावरच्या किती लोकांनी गेल्या वर्षी उद्दिष्ट गाठले, आधीचा माणूस का गेला आणि पहिल्या सहा महिन्यांत काय झाले म्हणजे माझे काम चांगले मानले जाईल. पहिल्या प्रश्नाला थेट आकडा न देता उत्साहाची भाषा सुरू झाली, तर तेही एक उत्तरच आहे.

सहावी पायरी: नियुक्तिपत्र ओळ न ओळ वाचणे

एकूण पॅकेजचा आकडा दिशाभूल करणारा असतो, कारण त्यात उद्दिष्ट पूर्ण झाले तरच मिळणारी रक्कम मिसळलेली असते. नवे ग्राहक आणणाऱ्या पदांवर निश्चित आणि बदलते वेतन निम्मे-निम्मे असणे सर्रास आढळते. ग्राहक सांभाळणाऱ्या पदांवर निश्चित भाग सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत असू शकतो. म्हणून घरखर्च फक्त निश्चित भागात भागतो का, हे आधी पाहावे.

त्यानंतर कमिशनचे कलम घ्यावे. कमिशन करारावर सही झाल्यावर लागू होते की ग्राहकाचे पैसे जमा झाल्यावर? ग्राहकाने नंतर करार मोडला, तर दिलेले कमिशन परत घेतले जाते का, आणि किती महिन्यांपर्यंत? नोकरी सोडताना अंतिम टप्प्यात असलेल्या करारांचे काय होते? या तीन प्रश्नांची उत्तरे लेखी नसतील, तर वर्षअखेरीस तोंडाला पाने पुसली जाण्याची शक्यता असते, आणि तेव्हा तोंडी आश्वासन कोणालाच आठवत नाही. नव्या माणसाला पहिले काही महिने कमी उद्दिष्ट मिळते का, कामाचा प्रदेश किंवा ग्राहकांची यादी वर्षाच्या मध्यात बदलता येते का, आणि उद्दिष्टापेक्षा अधिक विक्री झाल्यास दर वाढतो की कमाल मर्यादा लागते, हेही पाहावे. स्पर्धक कंपनीत जाण्यावर बंदी घालणारे कलम असेल, तर ते त्या देशाच्या कायद्यात कितपत टिकते याबद्दल जाणकाराला विचारावे.

सातवी पायरी: पहिली दोन वर्षे आणि वाट बदलणे

सुरुवातीला मिळालेली वाट कायमची नसते, परंतु ती बदलण्याची तयारी नोकरीत असतानाच करावी लागते. विक्रीतून भागीदारीकडे जायचे असेल, तर वितरकांबरोबरची कामे मागून घ्यावीत. निविदांकडे जायचे असेल, तर एका मोठ्या प्रस्तावाच्या चमूत बसावे. उत्पादन व्यवस्थापनाकडे जायचे असेल, तर ग्राहकांनी नकार देताना सांगितलेली कारणे वर्गवार लिहून उत्पादन विभागाला दरमहा द्यावीत; त्या विभागाला अशी माहिती सहसा मिळत नाही, त्यामुळे देणाऱ्याचे नाव लक्षात राहते. आणि नकार का मिळाला हे गमावलेल्या ग्राहकाला महिनाभराने विनम्रपणे विचारावे, कारण तोवर दबाव सरलेला असतो आणि माणसे खरे बोलतात.

दर तिमाहीच्या शेवटी संपर्क, भेटी, प्रस्ताव आणि करार यांची प्रमाणे, कराराला लागलेला सरासरी काळ आणि उद्दिष्टाची टक्केवारी स्वतःच्या वहीत टिपून ठेवावी. पुढच्या मुलाखतीत हेच आकडे विचारले जातात आणि नोकरी सोडल्यावर जुन्या प्रणालीत डोकावता येत नाही. मात्र या वहीत ग्राहकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि देऊ केलेले दर लिहू नयेत. ती माहिती कंपनीची असते, आणि ती सोबत नेल्याबद्दल कायदेशीर नोटीस आल्यास नवी कंपनीही बहुधा पाठीशी उभी राहत नाही.